सोपोची पावती: गोव्यातील एका पंचायतीच्या अंदाजपत्रकाचे प्रकरण

उत्तर गोव्याच्या आतल्या भागातील एका ग्रामपंचायतीचे हे प्रकरण आहे. गावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि जे येथे घडले ते त्यांपैकी अनेक ठिकाणी घडू शकले असते; शिवाय यातली सगळी माणसे अजून एकमेकांच्या शेजारी राहतात. पंचायत नऊ पंचांची, त्यांतल्या तीन जागा महिलांसाठी राखीव. दर रविवारी पंचायतीच्या जागेत आठवड्याचा बाजार भरतो. माझे आयुष्य बँकेच्या हिशेबात गेले, त्यामुळे आकड्यांची भीती वाटत नाही. म्हणूनच ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या तयारीसाठी मला मदतनीस म्हणून बोलावले गेले आणि हे प्रकरण मला सुरुवातीपासून पाहता आले.

आराखड्याच्या केंद्रीय चौकटीत नऊ विषय दिलेले आहेत आणि त्यांतला शेवटचा ‘महिलास्नेही गाव’ हा आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी, असेही त्यात अपेक्षित आहे. आमच्या पंचायतीत ती सभा आधी कागदावरच होत असे. त्या वर्षी एका महिला पंचाने ती खरोखर घ्यायचे ठरवले, आणि पहिला वाद वेळेवरून झाला. सचिवांनी सकाळी दहाची वेळ सुचवली होती. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातले विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटांचा, असे दिसले होते. सकाळचे दहा हे त्या २९९ मिनिटांच्या अगदी मधोमध येतात. सभा दुपारी साडेतीनला ठेवली, आणि देवळाच्या सभामंडपात इतक्या बायका आल्या की सतरंज्या कमी पडल्या.

दुसरी अडचण भाषेची होती. अंदाजपत्रकाचा तक्ता इंग्रजीत होता. आमच्या गावातल्या बायका बोलतात कोकणीत, पण पोथी, वर्तमानपत्र, लग्नपत्रिका वाचतात मराठीत. म्हणून दोन कॉलेजच्या मुलींना बरोबर घेऊन मी त्या तक्त्याची सगळी शीर्षे मराठीत लिहून काढली. या कामाला दोन संध्याकाळी लागल्या आणि खर्च शून्य आला. तरीही या सगळ्या प्रकरणात सर्वात उपयोगी काम कोणते झाले असे विचारले, तर मी हेच सांगेन. कारण तक्ता मराठीत भिंतीवर लागल्यावर पहिल्यांदाच कोणीतरी बोट ठेवून विचारले, “हे ‘इतर महसूल’ म्हणजे काय?”

सचिवांनी उत्तर दिले. त्यात जाहिरात फलकांचे शुल्क, दाखल्यांचे शुल्क आणि बाजाराचा सोपो असे सगळे एकत्र धरलेले होते.

बाजार

सोपो म्हणजे बाजारात बसणाऱ्याकडून घेतला जाणारा कर. गोव्याबाहेरच्या वाचकाला हा शब्द नवा असेल. येथे तो भाजी विकणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडी आहे. आमच्या पंचायतीत सोपो गोळा करण्याच्या हक्काची दरवर्षी पावणी, म्हणजे बोली, होते. ज्याची बोली सर्वात मोठी तो पंचायतीत ठरलेली रक्कम भरतो आणि वर्षभर दर रविवारी बाजारात फिरून पैसे वसूल करतो. पंचायतीला एकरकमी पैसे मिळतात. ते कोणाकडून आले हे मात्र वहीत कुठेच उमटत नाही.

ते पाहण्यासाठी नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही पहाटेपासून दुपारपर्यंत बाजारात उभ्या राहिलो. साडेपाचच्या सुमाराला सत्तरी तालुक्याकडून येणाऱ्या पहिल्या बसमधून बायका उतरल्या. कोणाच्या डोक्यावर अळसांद्यांची आणि गावठी भेंड्यांची टोपली, कोणाकडे कोकमाची सोलां, कोणाकडे केळीच्या पानात ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या अबोलीच्या फात्या, म्हणजे गजरे. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचे दोन बाजार याच बायकांचे असतात, कारण माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर रानफळे टांगून केलेल्या सजावटीला, लागणारी कांगलां, कवंडळ, तोरिंगण हे सगळे रानात जाऊन त्याच गोळा करून आणतात. त्या जमिनीवर गोणपाट पसरून बसतात. पंचायतीने बांधलेल्या शेडमध्ये जागा आहे. पण तिथे ज्यांचा टेम्पो दारापर्यंत येतो ते कपड्यांचे, प्लास्टिकचे आणि घाऊक कांदे-बटाट्याचे व्यापारी बसतात, आणि ते बहुतेक पुरुष आहेत.

सोपोवाला आठच्या सुमारास आला. टोपलीला आणि टेम्पोच्या मालाला त्याचा दर जवळपास सारखाच होता, कारण ठरावात दर ‘प्रति विक्रेता’ असा लिहिलेला होता. लिहिणाऱ्याने तो समान म्हणूनच लिहिला असणार. पण उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहावा. समजा, चारशे रुपयांचा माल घेऊन बसलेल्या बाईने वीस रुपये दिले, तर तिच्या मालाच्या ५ टक्के रक्कम करात गेली. वीस हजारांचा माल असलेल्या व्यापाऱ्याने अगदी दुप्पट, म्हणजे चाळीस रुपये दिले, तरी त्याच्या मालाचा एक टक्काही गेला नाही. स्त्री-पुरुष समानतेच्या दृष्टीने अंदाजपत्रक पाहायचे म्हटले की आपण ताबडतोब खर्चाची बाजू उघडतो. या पंचायतीत अन्याय जमेच्या बाजूलाच सुरू होत होता, आणि त्या बाजूला ‘महिला’ हा शब्दसुद्धा नव्हता.

आता पाण्याची गोष्ट. फुले विकणाऱ्या एका वयस्क बाईंच्या शेजारी मी बराच वेळ बसले होते. त्यांच्याजवळ पाण्याची बाटली होती, पण त्या त्यातले पाणी फक्त अबोलीवर शिंपडत होत्या. ऊन चढल्यावर मी विचारले की तुम्ही का पीत नाही. त्यांनी शेडच्या मागच्या बाजूला हात केला आणि म्हणाल्या, “सोपो दिवपाचो, पूण वचपाचें खंय?” कर द्यायचा, पण जायचे कुठे? पहाटे घरून निघाल्यापासून दुपारी दोनच्या बसने घरी पोचेपर्यंत त्या पाणी पीत नाहीत. त्यांच्या शेजारच्या तरुण बाईने, पाळीच्या दिवसांत रविवार आला तर बाजारच चुकवते, असे सांगितले. लघवी रोखून धरल्याने आणि पाणी टाळल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो, हे कोणताही डॉक्टर सांगेल. त्या औषधाचा खर्च आणि चुकलेल्या बाजाराचे नुकसान हे दोन्ही त्या बाईच्या घरच्या हिशेबात पडते. पंचायतीच्या हिशेबात त्यासाठी रकानाच नाही.

शेडच्या मागे शौचालय होते. दोन दारे, एकावर बाईचे चित्र. दाराला कुलूप, आणि कुलपाला इतका गंज की किल्ली सापडली असती तरी ते उघडले नसते. वरच्या झरोक्यातून आत पाहिले तर मोडक्या खुर्च्या, ध्वनिक्षेपकाची खोकी आणि घट्ट झालेल्या सिमेंटचे एक पोते दिसले. पुरुषांसाठीची मुतारी मात्र उघडी होती. तिची अवस्था वाईट होती, पण तिला पाणी, किल्ली, माणूस असे काही लागत नाही, त्यामुळे ती चालू राहिली.

वही

हे शौचालय बाजाराच्या शेडबरोबर सरकारी अनुदानातून बांधले गेले होते. कागद पाहिले तेव्हा अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, काम पूर्ण झाल्याचा दाखला, सगळे नियमाप्रमाणे होते. एकाही कागदात उद्या ते कोण झाडणार, पाण्याचे बिल कोणाच्या नावावर येणार आणि किल्ली कोणाच्या कमरेला असणार, याबद्दल एक ओळ नव्हती. बांधकामाला पैसे होते. चालवण्याला नव्हते. नळजोडणी कधी घेतलीच नव्हती. उद्घाटनाच्या दिवशी टँकरचे पाणी भरले होते, असे नंतर कोणीतरी सांगितले.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा येथेच आहे. बांधकामाचा खर्च एकदा होतो, त्याचा फलक लागतो, त्यावर नावे येतात. देखभालीचा खर्च दर महिन्याला होतो आणि त्याचा फलक लागत नाही. पण स्त्रियांना सार्वजनिक जागा वापरता येते की नाही, हे जवळजवळ पूर्णपणे देखभालीवर ठरते, कारण पाणी नसलेली, अंधारी, अस्वच्छ जागा पुरुष कसाबसा वापरतो आणि बाई वापरूच शकत नाही. बांधकामाच्या रकान्यात समान दिसणारा रुपया, देखभाल थांबताच एकट्या पुरुषाचा होतो.

मग ‘महिला व बालकल्याण’ या शीर्षाखाली काय होते? मागच्या काही वर्षांची खर्चाची प्रमाणके, म्हणजे व्हाउचर, चाळली. महिला दिनाचा कार्यक्रम, मंडप, अल्पोपाहार, पाहुण्यांना शाली-श्रीफळ, एका वर्षी शिवणयंत्रे. कार्यक्रम वाईट नव्हते आणि बायका तिथे आनंदाने जातही होत्या. पण हे शीर्ष असल्यामुळे बाकीची सगळी शीर्षे महिलांच्या प्रश्नातून मोकळी झाली होती. रस्ते, बाजार, दिवे, कचरा ही गावाची कामे, आणि महिलांचे काम म्हणजे ८ मार्च, अशी विभागणी न बोलता होऊन गेली होती.

वरच्या पातळीवरची पद्धतही काही अंशी या विभागणीला हातभार लावते. अंदाजपत्रक स्त्री-पुरुष समानतेच्या दृष्टीने पाहण्याची सुरुवात ऑस्ट्रेलियाने १९८४ साली केली. आपल्या केंद्र सरकारने २००५-०६ पासून अर्थसंकल्पासोबत लिंगभाव विवरणपत्र देणे सुरू केले, आणि २००७ साली अर्थ मंत्रालयाने मंत्रालयांतील लिंगभाव अर्थसंकल्प कक्षांची कामे ठरवून दिली. विवरणपत्राच्या पहिल्या भागात पूर्णपणे स्त्रियांसाठी असलेल्या योजना येतात आणि दुसऱ्यात ज्यांच्या तरतुदीचा किमान ३० टक्के हिस्सा स्त्रियांसाठी आहे अशा योजना. अलीकडे ३० टक्क्यांहून कमी हिस्सा असलेल्या योजनांसाठी तिसरा भागही जोडला गेला आहे. ही नोंद मोलाची आहे, ती नसती तर आज बोलायला आधारही नसता. पण ती योजनांची मोजणी आहे. सोपोच्या दरासारखी किंवा झाडूवालीच्या मजुरीसारखी गोष्ट त्या जाळ्यात येत नाही. केरळने लोकनियोजन मोहिमेच्या काळापासून स्थानिक संस्थांच्या योजना निधीतला किमान १० टक्के भाग महिला घटक योजनेसाठी राखण्याची पद्धत ठेवली, ती या बाबतीत जमिनीच्या अधिक जवळची आहे, आणि तिथेही उरलेल्या ९० टक्क्यांचे काय, हा प्रश्न राहतोच.

गोव्यात स्त्रियांच्या हाती थेट पैसे देणाऱ्या योजना चांगल्या चालतात. गृह आधार योजनेत पात्र गृहिणीला महिन्याला १५०० रुपये मिळतात, लाडली लक्ष्मी योजनेत पात्र तरुणीला एकदाच १ लाख रुपये. बाजारात बसणाऱ्या कित्येक जणींना गृह आधारचे पैसे येतात. म्हणजे राज्याच्या वहीत ती बाई गृहिणी आहे, पंचायतीच्या वहीत ती सोपो भरणारी एक विक्रेती आहे, आणि ती एकच बाई आहे हे दोन्ही वह्यांपैकी एकीलाही दिसत नाही.

जानेवारीची सभा

अंदाजपत्रकाचा मसुदा जानेवारीच्या ग्रामसभेपुढे यायचा होता, आणि तेथेच सर्वात कठीण गाठ पडली. गोव्यात सामान्य ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांत रविवारी भरतात. आमचा बाजारही रविवारी. नोकरदारांना यावे म्हणून ठरलेला हा वार बाजारातल्या बायकांना कायमचा बाहेर ठेवतो, हे आजवर कोणाच्या लक्षात आले नव्हते, माझ्याही नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी शेजारच्या गावांच्या मतदार होत्या. त्या आल्या असत्या तरी आमच्या ग्रामसभेच्या सदस्य नव्हत्या. पैसे भरण्याच्या बाबतीत त्या पंचायतीच्या होत्या, बोलण्याच्या बाबतीत नव्हत्या. राखीव जागा वाढवून हा प्रश्न सुटत नाही. महाराष्ट्राने २०११ मध्ये ५० टक्के आरक्षण दिले, गोव्यात ते एक तृतीयांश आहे, ते वाढावे असे माझे स्पष्ट मत आहे. पण शेजारच्या गावची भाजीवाली त्यानेही सभेत येत नाही.

म्हणून सभेआधीच्या दोन रविवारी निवेदन बाजारात फिरवले. ज्यांना लिहिता येत होते त्यांनी सही केली, ज्यांना येत नव्हते त्यांनी अंगठा दिला. शेडमधल्या काही व्यापाऱ्यांनीही सह्या केल्या, कारण त्यांच्याबरोबर बायका-मुली येत होत्या. मागण्या तीनच ठेवल्या: शौचालय चालू करावे, त्याच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष असावे, आणि सोपोचा दर जागेच्या व मालाच्या आकाराप्रमाणे ठरावा.

सभेत त्या महिला पंचांनी निवेदन वाचले. एका ज्येष्ठ पंचांनी उभे राहून विचारले, “बाहेरगावच्या बायकांसाठी आमची घरपट्टी का खर्च करायची?” प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता, सभेतल्या बऱ्याच जणांच्या मनात तोच होता. त्याला उत्तर आकड्यांनी द्यावे लागले. ‘इतर महसूल’ फोडून सोपोची रक्कम वेगळी काढली होती, आणि शौचालय वर्षभर चालवण्याचा अंदाजित खर्च तिच्या शेजारी मांडला होता. खर्च त्या रकमेचा एक लहान भाग होता. घरपट्टीचा त्यात एक पैसाही नव्हता. तक्ता वाचून झाल्यावर ते पंच म्हणाले, “मग हे पैसे त्यांचेच आहेत,” आणि खाली बसले. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

सचिवांचा आक्षेप तांत्रिक आणि रास्त होता. पंचायतीचा निधी एक असतो आणि अमुक कराचे पैसे अमुक कामालाच, असे बांधून घेता येणार नाही, असे ते म्हणाले. तोडगा त्यांनीच काढला: ‘बाजार देखभाल’ असे नवे शीर्ष उघडावे, त्यात ठरावीक तरतूद करावी आणि सोपोची जमा वेगळ्या ओळीत दाखवावी, म्हणजे दोन्ही आकडे दरवर्षी सभेसमोर समोरासमोर येतील. दुरुस्ती आणि नळजोडणीच्या एकवेळच्या खर्चासाठी पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान होते. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात त्यातला ६० टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेला होता. पैसे होते, ते या दाराकडे वळवावेत असे कोणाला सुचले नव्हते, इतकेच.

नंतर

दार एप्रिलनंतर उघडले. आत नळ आला, कडी बदलली, सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा डबा ठेवला, आणि सफाईचे काम गावातल्या एका स्वयंसाहाय्य गटाला दिले. शुल्क घ्यायचे नाही असे ठरले, कारण सोपो आधीच भरलेला असतो. पहिल्या रविवारी त्या फुलवाल्या बाईंनी बाटलीतले पाणी प्यायले की नाही, हे पाहायला मी गेले होते. त्यांनी प्यायले.

पुढे सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. गटाचे बिल तीन महिने अडकले, कारण कामाची नोंद कोणी तपासायची हे ठरावात लिहिले नव्हते. ऐन जुलैच्या पावसात गटातल्या बायकांनी काम थांबवले. त्यांचे काय चुकले? बाजारातल्या बायकांच्या सोयीसाठी सफाई करणाऱ्या बायकांनी फुकट राबावे, अशी अपेक्षा करणारे अंदाजपत्रक एका स्त्रीचा भार दुसरीवर टाकते, एवढेच. दोन रविवार दार पुन्हा बंद राहिले. मग नोंद तपासण्याची जबाबदारी पंचायत लिपिकावर आली आणि दर महिन्याला ठरलेल्या तारखेला बिल देण्याचा ठराव झाला. सोकपिट, म्हणजे शोषखड्डा, भरल्याचा घोळ वेगळाच; तो उपसण्याचा खर्च मूळ अंदाजात धरायचा राहिला होता, आणि ती चूक माझी होती.

सोपोचा दर लगेच बदलता आला नाही. चालू वर्षाची पावणी झालेली होती आणि ठेकेदाराशी करार होता. पुढच्या पावणीच्या अटींत टोपली, गोणपाट, शेडमधली जागा आणि टेम्पो असे चार दर लिहिले गेले, आणि छापील पावती दिल्याशिवाय पैसे घेऊ नयेत अशी अट आली. बोलीची रक्कम पडेल अशी भीती सभेत व्यक्त झाली होती. ती पडली नाही, कारण वरचे दर वाढले होते. ग्रामसभेचा वार मात्र पंचायतीच्या हातात नाही. त्याला पर्याय म्हणून वर्षातून दोनदा पंच बाजारात बसून म्हणणे ऐकून घेतात. यातल्या एका बैठकीला मी होते. बोलण्यापेक्षा मोजण्यात वेळ गेला: मासळी विकणाऱ्यांच्या बाजूला गटार नाही, आणि लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांना सावली नाही. त्यावर अजून काही झालेले नाही.

आणि ज्या महिला पंचांनी हे सगळे उभे केले, त्यांचा प्रभाग पुढच्या निवडणुकीत राखीव राहिला नाही. राखीव प्रभाग बदलत राहतात, ही पद्धत आहे. त्यांना उभे राहायचे होते. घरच्यांनी आणि वाड्यावरच्या लोकांनी, आता सर्वसाधारण जागेवर पुरुष उमेदवार असावा, असे ठरवले. १९७३ साली शशिकलाताई काकोडकर ज्या गोव्याच्या मुख्यमंत्री झाल्या, त्या गोव्याच्या विधानसभेवर २०२२ मध्ये ४० पैकी तीनच महिला निवडून आल्या. त्या ठिकाणी एका प्रभागातली ही गोष्ट कोणाला विशेष वाटली नाही. मला ती फार लागली. आज त्या बाजार समितीत नागरिक सदस्य म्हणून येतात आणि पावणीच्या अटी वाचून दाखवतात.

यंदाच्या मसुद्यात ‘बाजार देखभाल’ या शीर्षाखालची रक्कम गेल्या वर्षाइतकीच आहे. सफाईची मजुरी वाढलेली आहे आणि सोपोची जमाही. दोन्ही ओळी आता एकाच पानावर आहेत. मजुरीतला फरक त्या वाढीव जमेतून भरावा, असे पत्र गटाने दिले आहे, आणि ते एप्रिलच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर चौथ्या क्रमांकावर आहे.